पीएच आठ होईपर्यंत

वहिनी, गेल्या गुरुवारी मी पुन्हा तेच केलं.

ईडीटीए करायला घेतलं. पावडर तोलली, पाण्यात टाकली, बीकर स्टररवर ठेवला. तळाशी तो छोटा चुंबक गरगरायला लागला आणि मी स्टुलावर बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पावडर भोवऱ्याबरोबर वर यायची, परत खाली बसायची. पाणी दुधी ते दुधीच. पाऊण तास मी त्या बीकरकडं इतक्या श्रद्धेनं बघत होतो की दारातून जाणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी मोठं संशोधन चाललंय. मग लक्षात आलं, मी पावडर विरघळायची वाट बघतच नाहीये. मी मागून आवाज यायची वाट बघतोय.

"भावजी, कॉस्टिक."

आवाज आला नाही. फ्रीज घरघरत होता आणि स्टररचा चुंबक काचेला टकटक करत होता. तुमचं स्टूल रिकामं होतं. मी उठलो, कॉस्टिकची बाटली शोधली. ती नेहमीच्या जागीच होती. शोधावी मलाच लागली.

हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पण आपल्या लॅबमध्ये शिकलेली प्रज्ञा तुमच्यावर स्मरणिका काढतेय आणि मला म्हणाली, "काका, दोन पानं लिहा. नातेवाईकही वाचणार आहेत, सगळ्यांना कळेल असं लिहा." तर नातेवाईकांनो, ईडीटीए म्हणजे पिठासारखी पांढरी पावडर. साध्या पाण्यात ती विरघळत नाही म्हणजे नाही, दिवसभर फिरवा. त्यात कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या एकेक करून घालत जायच्या. पाण्याचा पीएच चढत चढत आठच्या जवळ आला की इतका वेळ ढिम्म बसलेली पावडर बघता बघता नाहीशी होते आणि पाणी निवळशंख. घाई केली तर फसतं, गरम केलं तर फसतं. या एवढ्या एका गोष्टीवर सुमनवहिनींनी आणि मी एकाच खोलीत एकोणीस वर्षं काढली. त्यातली अर्धी वर्षं मी कॉस्टिक विसरलो.

मला या खोलीत तुम्हीच आणलंत. दादानं आधी मला वाळूजला एका कंपनीत चिकटवलं होतं. पहाटेच्या शिफ्टच्या बसमध्ये मी झोपायचो आणि कंपनी आली तरी उठायचो नाही. बस दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन परत शहरात यायची, तिच्यातून मीही यायचो. तीन दिवसांत दोनदा असं झालं. दादा संतापला. तुम्ही पोळ्या लाटत होतात, मान वर न करता म्हणालात, "भावजींना माझ्याकडं द्या. आमच्या लॅबला बसनं जावं लागत नाही." माझ्या नोकरीची मुलाखत ती एवढीच. प्रश्न विचारणारंही कुणी नव्हतं.

आणि लॅब कसली, तर बोकडाच्या आतड्याची. आपल्या आजोबांची भिक्षुकी, वडिलांची कचेरीत कारकुनी. आणि त्या घरची सून सकाळी सात वाजता खाटकाच्या दुकानासमोर बर्फाचा डबा घेऊन उभी. खालिदभाई तुम्हाला डॉक्टरनी म्हणायचे. "लो डॉक्टरनीबाई, अब्बीच उतारा हैय, गरम हैय." तुम्ही हात लावून बघायचात आणि म्हणायचात, "कलसे बेहतर है." मी मागं उभा राहून रस्त्यावरच्या पाट्या वाचायचो.

एकदा लॅब बंद निघाली म्हणून तुम्ही डबा घरी घेऊन आलात. एकादशी होती. आईनं विचारलं, "डब्यात काय गं?" तुम्ही म्हणालात, "कॉलेजचं सामान आहे, आई." आपण दोघं हात धुवायला मागं गेलो तेवढ्यात आईनं लिंबाच्या सरबतात त्यातला बर्फ घातला. तुम्ही मला तीनदा सांगितलंत की वरचा बर्फ वेगळ्या पिशवीत होता. वहिनी, मला ते आजही पटलेलं नाही. आई त्या दिवशी म्हणाली होती, "आज सरबत लई छान झालं."

आपल्या वादांची यादी केली तर त्यात हा पहिला. दुसरा वाद एन्झाइमचा.

आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी सुट्ट्या करायच्या, हे आपलं काम. सुट्ट्या झाल्या की त्या मोजायच्या मशीनमध्ये एकेक करून रांगेनं सोडायच्या, मग मशीन सांगतं कोण कोण आहे आणि किती आहे. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला शिकवलंत, "पेशी एकमेकींना धरून असतात, भावजी. कॅल्शियमच्या जोरावर. ईडीटीए काय करतं, तो कॅल्शियम हळूच उचलतं आणि स्वतःपाशी धरून ठेवतं. कापत नाही, ओरबाडत नाही. मग त्या आपणहून सुटतात."

मी म्हटलं, "म्हणजे ओट्यावरनं लाडवाचा डबा उचलला की पोरं पांगतात, तसं."

तुम्ही हसलात. "तसंच. पण डबा हळू उचलायचा. बर्फात ठेवून, अर्धा तास, सावकाश हलवत. तुम्ही हलवता तसं नाही. ताक नाही करायचंय आपल्याला."

मला अर्ध्या तासाचा कंटाळा. मी म्हणायचो, एन्झाइम घाला की सरळ, दहा मिनिटांत मोकळं. तुम्ही म्हणायचात, एन्झाइम म्हणजे पेशीला न्हाव्याकडं नेणं. सुटते, पण अंगावरचं सगळं भादरून येते. "मशीननं तिला ओळखायचं कशावरनं? पंचवीस पोरांचं टक्कल करून एका रांगेत उभी करा आणि त्यातला आपला पोरगा ओळखून दाखवा."

"दाखवीन. जो सगळ्यांत जोरात रडत असेल तो आपला."

हा वाद आपण दर महिन्याला घालायचो. आता मी अर्धा तास सावकाश हलवतो आणि समोरून कुणी काही बोलत नाही. वाद जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं.

तुम्ही रविवारी आमच्याकडं गारखेड्याला यायचात. सकाळचा चहा घरात मी करतो, याची मी सगळीकडं फुशारकी मारत असतो. पण तुम्ही आलात की रेखा करायची, कारण तुम्हाला माझा चहा माहीत होता. तुमचं एक होतं, साखर वेगळी मागायचात. कपात घातलेली चालायची नाही. रेखा डबा आणून द्यायची, तुम्ही झाकण काढून आत बघायचात, चमच्यानं इकडं तिकडं दाबायचात, मग अर्धा चमचा घ्यायचात. मी चिडवायचो, "वहिनी, आतापासून डायबेटिसची धास्ती?" तुम्ही म्हणायचात, "नाही हो. बघते नुसती." आणि तुम्ही दोघी जावा एकमेकींकडं बघून हसायच्यात. जावांचं हसणं पुरुषांनी फार खोदून बघू नये, असं मला वाटतं. मी पेपर वाचायचो.

आता जे सांगायचं ते सांगतो. इथपर्यंत जे लिहिलं ते स्टररवर बीकर फिरवत बसण्यासारखंच होतं.

सतरा वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. पैठणहून तुमच्या भावाचा फोन आला, आईचा पाय मोडला. तुम्ही दुपारच्या एसटीनं निघालात. सोमवारी प्रज्ञाच्या बोकडांचा दिवस होता. प्रज्ञा तेव्हा आपल्याकडं शिकत होती. देवगाव रंगारीला तिच्या मामाच्या शेतावर तिनं सहा बोकड चार महिने वेगळा चारा घालून वाढवले होते. बाभळीच्या शेंगांनी आतड्याच्या पेशींवर काय परिणाम होतो, हे तिला बघायचं होतं. शेंगा तिनं स्वतः वेचल्या होत्या, हातांना काटे लागलेले दाखवायची. असा दिवस एकदाच येतो. बोकड परत जिवंत होत नाहीत.

निघताना तुम्ही रिकाम्या बाटलीवर तुमच्या अक्षरात लेबल लिहून चिकटवलंत. ईडीटीए, पीएच आठ. खाली तुमची सही. म्हणालात, "उद्या एवढं करून ठेवा. कॉस्टिक विसरू नका. अडलं तर फोन करा."

मी काय म्हणालो, आठवतं? "वहिनी, दोन वर्षं झाली मला इथं. एवढं येतं."

शनिवारी मी कॉस्टिक विसरलो. तुमचे शब्द एका कानानं आत आले आणि दुसऱ्या कानाशी त्यांची एसटी उभीच होती. पावडर विरघळेना. मी जोरात फिरवली. मग गरम केली, चहासारखी उकळी आणली. ढिम्म. फोन उचलला, पैठणचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. कालच तर म्हणालो होतो, एवढं येतं. मग मी स्वतःची समजूत घातली की जे विरघळायचं ते विरघळलं, बाकीचा गाळ. वरचं निवळ पाणी बाटलीत ओतलं, तुमचं लेबल लावलेल्या. म्हणजे बाटलीत जवळजवळ नुसतं पाणी.

आणि खाली राहिलेली पावडर मी टाकली नाही. आपल्या घरात पानात टाकायची पद्धत नाही. मी ती गाळून कागदावर पंख्याखाली सुकवली आणि परत बरणीत ओतली. काय काटकसर! लॅबमध्ये एकदा बाहेर काढलेलं परत बरणीत घालत नाहीत, हे मला दोन वर्षांत शंभरदा सांगून झालं होतं. शिवाय ती सुकलीही नव्हती, मला घरी जायची घाई होती.

सोमवारी सकाळी तुम्ही पैठणहून परत आलात. आतड्याचे तुकडे त्या पाण्यात घालून तुम्ही बर्फात हलवत बसलात. अर्धा तास झाला. पेशी सुटून पाणी गढूळ व्हायला हवं होतं, ते स्वच्छ राहिलं. आणखी अर्धा तास. मग तुम्ही अस्तर हलक्या हातानं खरवडलंत, तर आले ते गोळेच. जाळीतून गाळले तरी गोळे. मशीनमध्ये सोडल्यावर ते त्या केसाएवढ्या नळीत अडकले आणि मशीननं जी शिट्टी मारली, ती मला अजून ऐकू येते. नंतर इंजिनिअर येईपर्यंत मशीन बंदच होतं. प्रज्ञा खाली फरशीवर बसली. रडलीसुद्धा नाही. बर्फाच्या डब्याकडं बघत होती.

तुम्ही मला बाजूला घेतलंत. हळू आवाजात विचारलंत, "भावजी, पीएच केला होता ना?"

तोवर मला कळलं होतं. शिट्टी वाजली त्याच क्षणी कॉस्टिकची बाटली डोळ्यापुढं आली होती. आणि मी म्हणालो, "हो वहिनी. आठ. मीटरवर बघून."

"बरं."

तुम्ही कपाटाकडं गेलात. ईडीटीएची बरणी काढलीत, झाकण उघडून आत बघितलंत आणि परत लावलंत. मला वाटलं, तुम्ही मुदतीची तारीख बघताय. मीच पुढं होऊन म्हणालो, "पावडर खराब असेल."

तुम्ही म्हणालात, "असेल."

तेवढ्यात लॅबचे प्रमुख, आपले सर आले. सगळ्यांसमोर विचारलं, "ईडीटीएचा बफर कुणी केला?" माझं तोंड उघडलं होतं, वहिनी. खरं सांगतो, उघडलं होतं. पण त्या महिन्यात माझं कायम होण्याचं पत्र यायचं होतं आणि घरी रेखा तीन आठवड्यांची बाळंतीण होती. उघडलेल्या तोंडातून काही बाहेर पडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी केला, सर. लेबल माझंच आहे. चूक माझी."

सर चिडून गेले. माझं पत्र महिनाअखेर आलं. पेढे तुम्हीच वाटलेत.

प्रज्ञानं पुन्हा सहा बोकड वाढवले. तिचं एक वर्ष गेलं. त्या वर्षात तुम्ही दर पंधरा दिवसांनी एसटीनं देवगाव रंगारीला जाऊन बोकड बघून यायचात आणि मी तुमच्याबरोबर शेंगांची पोती उचलायला यायचो. तिचे मामा म्हणायचे, "बाई, तुमी कशाला येताव एवढ्या उन्हात? बोकडं काय पळून जात नाय." दुसऱ्या वेळी सगळं नीट झालं. निबंध छापून आला. त्या कामातला प्रत्येक नमुना तुमच्या हातून गेला होता, पण त्यावर तुमचं नाव नव्हतं. ज्यांच्याकडून एवढी मोठी चूक झाली त्यांचं नाव घेता येणार नाही, असं सरांनी ठरवलं होतं. शेवटी आभारात सुद्धा नव्हतं. तुम्ही तो अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलात. मी समोर बसलो होतो. मिटून म्हणालात, "छपाई छान झालीये."

मग सतरा वर्षं आपला तिसरा वाद. कधी पेशी नीट सुटल्या नाहीत की तुम्ही सहज म्हणायचात, "त्या वेळी का बरं फसलं असेल?" मी म्हणायचो, "पावडर खराब होती, वहिनी." तुम्ही म्हणायचात, "असेल." दर वेळी तेच. मला वाटायचं, तुम्हाला पटलंय. नंतर नंतर तर मलाही पटायला लागलं होतं. एवढ्या वेळा सांगितल्यावर ती पावडर बिचारी स्वतःच कबूल झाली असती.

दवाखान्यातली ती दुपार. आजाराबद्दल मी लिहिणार नाही, तुम्हाला आवडलं नसतं. दादा जेवायला घरी गेला होता, खोलीत आपण दोघंच. रक्त घ्यायला बाई आल्या. त्यांनी जांभळ्या टोपीची नळी भरली आणि जोरात हलवायला लागल्या. तुम्हाला बोलायची ताकद नव्हती, तरी बोललात, "हलवू नका हो. नुसती उलटी-सुलटी करा, आठदहा वेळा, सावकाश." त्या बाई चपापल्या. त्या गेल्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "जांभळी टोपी. आत आपलंच आहे."

"ईडीटीए?"

"मग! रक्तातला कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून गुठळी होत नाही." थोडा वेळ डोळे मिटून पडलात. मग मिटल्या डोळ्यांनी विचारलंत, "भावजी, आपलं त्या वेळी का फसलं असेल हो?"

खोलीत कुणी नव्हतं. पंखा चालू होता. माझं पत्र येऊन सतरा वर्षं झाली होती, मुलगी कॉलेजात जात होती. आता मला कशाचीच भीती नव्हती. आणि मी म्हणालो, "पावडर खराब होती, वहिनी."

तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं नीट बघितलंत. "असेल," म्हणालात. "जा, चहा घेऊन या खाली जाऊन. सकाळपासून बसलाय."

मी गेलो. कॅन्टीनमध्ये दोन चहा प्यालो. खोटं बोलल्यावर मला भूक लागते, हे माझं जुनं आहे. परत आलो तर तुम्हाला झोप लागली होती. त्यानंतर आपण दोघंच असं कधी बसलो नाही.

कॉलेजात शोकसभा झाली. सर आता थकलेत, काठी घेऊन आले. तुमच्याबद्दल बोलता बोलता म्हणाले, "सुमनताईंच्या सगळ्या कारकिर्दीत एकच चूक झाली. पण ती त्यांनी सगळ्यांसमोर, एका क्षणात कबूल केली. मी तेव्हा कठोर वागलो. असा प्रामाणिकपणा आता कुठं बघायला मिळतो!" लोकांनी माना हलवल्या. समोरच्या रांगेत दादा मान खाली घालून बसला होता. प्रज्ञा माझ्या शेजारी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचं नाव माझं होतं. मी उठलो, माइकसमोर उभा राहिलो, आणि तुमचं अक्षर किती सुंदर होतं, यावर चार मिनिटं बोललो. बाटल्यांवरची लेबलं, निळी शाई, वेलांट्या. लोक म्हणाले, छान बोललात.  घरी येताना रिक्षात रेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

म्हणून मी हे इथं लिहितोय. सर वाचतील. दादा वाचेल. प्रज्ञा तर आधी वाचेल, तिलाच छापायचंय. प्रज्ञा, तुझं ते वर्ष मी घालवलं. तुझ्या बाभळीच्या शेंगा, तुझे काटे. पावडर चांगली होती. सर, बफर मी केला होता. वहिनींची एकही चूक नव्हती. तुम्ही म्हणालात ती एकसुद्धा नव्हती. दादा, तुझ्या बायकोचं नाव जिथं छापून यायला पाहिजे होतं तिथं आलं नाही, ते माझ्यामुळं. आता कुणी मला काही म्हणालं तर मी म्हणणार नाही की पावडर खराब होती.

गुरुवारचं सांगायचं राहिलं. कॉस्टिक सापडल्यावर मी गोळ्या एकेक करून घातल्या. मीटरकडं बघत. सहा. साडेसहा. सात. पावडर तशीच. साडेसातलाही तशीच, मला वाटलं आजही काही खरं नाही. मग आठच्या आसपास ती गेली. कुठं गेली दिसलंच नाही. बीकरमधून पलीकडची खिडकी दिसायला लागली, आणि खिडकीखालचं तुमचं स्टूल. मी "झालं, वहिनी" असं मोठ्यानं म्हणालो आणि मग इकडं तिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. ऐकायला कुणी नव्हतंच. तेच तर.

ड्रॉवरमध्ये तुमच्या अक्षरातली लिहून ठेवलेली लेबलं आहेत, सात उरलीत. त्यातलं एक मी हातात घेतलं होतं. परत ठेवलं. कोऱ्या कागदावर माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं: ईडीटीए, पीएच आठ, करणारा विलास. एकोणीस वर्षांत बाटलीवर माझं नाव पहिल्यांदा लागलं.

हे सगळं मी काल संध्याकाळी रेखाला वाचून दाखवलं. सतरा वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. ती लसूण सोलत होती, मध्ये एकदाही थांबली नाही. वाचून झाल्यावर मी वाट बघत बसलो. वाटलं, रडेल, नाहीतर ओरडेल. ती उठली, स्वयंपाकघरातनं साखरेचा डबा घेऊन आली आणि झाकण काढून माझ्यापुढं धरला.

"बघा."

मी बघितलं. साखर होती. मध्ये मध्ये गुठळ्या होत्या, लिंबाएवढ्या.

"रोज सकाळी चहा करता आणि ओला चमचा यात घालता," ती म्हणाली. "त्या सोमवारी संध्याकाळी सुमनताई बाळाला बघायला आल्या होत्या. मला विचारलं, रेखा, भावजी घरी साखरेत ओला चमचा घालतात का गं? मी म्हटलं, रोज घालतात, का हो? तर म्हणाल्या, काही नाही, आमच्या लॅबच्या बरणीतपण गुठळ्या झाल्यात."

मी बोटानं एक गुठळी दाबून बघितली. मग म्हणालो, "आणि तू मला कधी विचारलं नाहीस?"

"त्यांनी विचारू दिलं नाही. म्हणाल्या, ते आपणहून सांगतील, तू डबा हळूच धर." तिनं डब्याचं झाकण लावलं. "दर रविवारी यायच्या, साखर मागायच्या, गुठळी आहे का बघायच्या. मग माझ्याकडं बघून मान हलवायच्या. म्हणजे, अजून नाही सांगितलं. तुम्ही तिथंच बसलेले असायचात, पेपर घेऊन."